लाल दोऱ्याची खूण

"दोऱ्याच्या खालीच हाय, मास्तर," कोंडाजी प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाला.

दिगंबर मास्तरांनी चुनकळीची, म्हणजे कळीच्या चुन्याची, बरणी टेबलावर ठेवली. "सकाळी पाहिलंस?"

"निघतानाच बघितलं. काल सांजच्याला बी तसंच हुतं."

मास्तरांचा चेहरा खुलला. कोंडाजी शाळेचा शिपाई, तुंगार्लीहून चालत येणारा. चौतीस सालच्या त्या कडाक्याच्या थंडीत त्याची सून नंदा बाळंत झाली आणि पाठोपाठ तापाने फणफणली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप हटला नाही तर पुण्याच्या इस्पितळात हलवा. उशीर केलात तर बाई हाती लागणार नाही.

तेव्हा मास्तरांनी शाळेचा जास्तीचा थर्मामीटर कोंडाजीला दिला. कोंडाजीला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून नळीवर तापाच्या खुणेपाशी लाल दोरा बांधून दिला. बगलेत थोडा वेळ धरायची, पारा दोऱ्याच्या वर गेला तर ताप, खाली राहिला तर नाही. आपल्या या युक्तीवर मास्तर मनातून खूश होते. विज्ञान असं लोकांच्या घरात गेलं पाहिजे, असं ते मुख्याध्यापकांनाही दोनदा ऐकवून आले होते.

"पन आमची कारभारीन ऐकंना," कोंडाजी म्हणाला. "म्हनती, पोरीचं अंग तव्यावानी भाजतंय, कायबाय बरळती. आजच्या गाडीनं पुन्याला न्यायचंच म्हनून बसलीया. बैलगाडी बी सांगून ठिवली टेसनापत्तूर."

"अरे, खोलीत शेकाची शेगडी आहे ना? मग अंग गरम लागणारच. हाताला काय कळतं? पारा कुणाची भीड धरत नाही. एवढ्या अशक्तपणात प्रवासाची दगदग झाली, तर तीच जिवावर बेतायची."

कोंडाजीने सुस्कारा सोडला. मुलगा परगावी नोकरीला, तेव्हा हा निर्णय त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होता. "तुमी म्हनता तर ऱ्हाऊ द्या. गाडीवाल्याला नको म्हनून सांगून येतो."

तो गेला आणि मुलं आत आली.

मास्तरांनी आधी नियम सांगितले. चुनकळी पाण्यात टाकायची, तीही थोडी थोडी. भांड्यावर तोंड न्यायचं नाही. थर्मामीटरने ढवळायचं नाही. काच फुटली तर पारा सांडेल, आणि पारा विषारी. मुलांनी माना डोलावल्या. पाणी खदखदू लागलं तशी पहिल्या बाकावरची पद्मजा दोन पावलं मागे सरली.

शेवटी पाण्याच्या तापमानाचे आकडे फळ्यावर लिहिले, तर बजरंगचा आकडा पद्मजाच्या निम्म्यानेही नव्हता. पाणी तेवढंच, चुनकळी तेवढीच.

"तू वाचलास कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"खिडकीत, सर. इथे नीट दिसत नव्हतं."

मास्तर हसले. "म्हणजे भांड्यातून काढलास आणि गार वाऱ्यात नेलास! तेवढ्या वेळात पारा उतरला की. आपला थर्मामीटर आत असतानाच वाचायचा. बाहेर काढला की तो पाण्याचं सांगत नाही, हवेचं सांगतो."

बजरंगचे कान लाल झाले. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्याच्याकडून प्रयोग पुन्हा करून घेतला. या वेळी आकडा बरोबर आला.

घंटा झाली, मुलं गेली. कोंडाजी परत येऊन टेबल पुसू लागला.

"सांगून आलो. गाडीवाला दुसरं भाडं घिऊन कान्ह्याला गेला. पुन्याची गाडी बी गेली, शिटी ऐकली म्या."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. त्याच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना वाईट वाटलं. "आता घोर सोड. आज पोरीच्या तोंडावर जरा तरतरी दिसली असेल ना?"

कोंडाजीने जीभ चावली.

"म्या सासरा, मास्तर. बाळंतिनीच्या खोलीत म्या कसा जाईन? कारभारीन नळी दारातनं भाईर देती, अन् म्या ती वसरीवर उजेडात नेऊन बघतो."