पहिल्या रांगेतले वडील

"माझे वडील पहिल्या रांगेत बसले होते," नट म्हणाला, "आणि मी रंगमंचावर आलो तेव्हा घोरत होते."

प्रेक्षक हसले. रात्रीच्या या गप्पांच्या कार्यक्रमाचे दोनच भाग उरले होते, त्यामुळे येईल तो पाहुणा आठवणींचं गाठोडं सोडूनच बसे. कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसलेल्या ताई मात्र हसल्या नाहीत. नटाशेजारी गायिका बसली होती आणि तिची मान हळूहळू त्याच्याकडे वळत होती.

ताईंचं काम किश्शांचं. पाहुण्याला आदल्या दिवशी फोन करायचा, सांगण्याजोगं काही काढून घ्यायचं, घासूनपुसून परत द्यायचं. मोठमोठ्या माणसांकडेही पुष्कळदा सांगण्यासारखं काही नसतं, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. मग अशांना त्या गुपचूप पदरचा किस्सा देत. नियम एकच, एक किस्सा एकालाच. बावीस वर्षांत तो एकदाच मोडला. हा नट कसला टिकतोय, पुन्हा कशाला येतोय, असं म्हणून त्यांनी त्याला दिलेले वडील पुढे गायिकेला देऊन टाकले. मेला नट चांगलाच टिकला.

"टाळ्यांच्या आवाजाने दचकून जागे झाले," नट डोळे पुसत म्हणाला. रडू खरं होतं. इतक्यांदा सांगून त्याला ते वडील आता दिसतही असावेत.

"आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या," गायिका म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, ते माझे वडील आहेत."

कार्यक्रम थेट चालू होता. ताईंना वाटलं, झालं, दोन भाग राहिले असताना बावीस वर्षांची अब्रू गेली. आता हे दोघं जगापुढे खोटे पडणार, आणि निवेदक आपलं तोंडही बघणार नाही.

निवेदकाने नटाकडे बघितलं, गायिकेकडे बघितलं, मग थेट स्टुलाकडे.

"ताई, हे वडील कोणाचे?"

आयुष्यात पहिल्यांदाच ताईंना काही रचता आलं नाही.

"माझे," त्या म्हणाल्या.

निवेदक इतका हसला की त्याला ठसका लागला. मग सगळेच हसत सुटले. नटाने उठून आपली खुर्ची पुढे केली. "बसा. तुमचे वडील, तुम्हीच सांगा."

ताई अवघडून दिव्यांखाली बसल्या. "नाटकात मला एकच वाक्य होतं. बाबा रात्रपाळी करून थेट आले होते, नेमकी माझ्या वाक्यालाच त्यांना झोप लागली."

"पुढे?"

पुढचं त्यांनी कोणालाच दिलं नव्हतं.

"घरी जाताना म्हणाले, उद्या पुन्हा आहे ना? उद्या झोप काढून येतो."

"आले?" नटाने विचारलं. त्याचा जीव अजून त्या वडिलांत अडकला होता.

"आले ना. रजा टाकून. डोळे टक्क उघडे. ते बघून मी वाक्यच विसरले."

"अरे देवा. मग?"

"मग काय," ताई म्हणाल्या, "महिनाभर घरात बाबा माझं तेच वाक्य ऐकत होते. पहिल्या रांगेतून उभे राहून त्यांनीच ते म्हटलं."