वाटीचं इंग्रजी

बॉरो आणि लेंड या शब्दांनी सदाशिवराव गुरुजींचा सातवीचा वर्ग महिनाभर रडवला होता. दोन्ही म्हणजे उसनंच! यवतमाळच्या शिष्यवृत्ती परीक्षेला एकच मूल पाठवायचं होतं. आज सत्यशीला ताडकन उठली. “रिकामी वाटी घेऊन येते, थे बॉरो. भरून देते, थे लेंड.” गुरुजी थक्क झाले. “कोणी शिकवलं?” “मायनं. मी शब्द सांगतले, तिनं वाटी दाखवली.” माउलीला तर सहीसुद्धा येत नव्हती! संध्याकाळी गुरुजी बौद्धपुऱ्यात गेले. सत्यशीलाची माय कांताबाई घाबरली. “पोरीचं नाव कापू नका जी.” “कापतो कायले? परीक्षेले तिलेच पाठवून राह्यलो,” म्हणत गुरुजींनी पिशवीतून रिकामी वाटी काढली. “पीठ द्या, बाई.” गुरुजी राहत त्या वरच्या गल्लीतून या वस्तीत कोणी कधी उसनं मागायला आलं नव्हतं. वाटी शिगोशीग भरून कांताबाईनं ती गुरुजींच्या हाती दिली आणि पदराआड हसत म्हणाली, “लेंड!”