बंद खाणीतला दगड

"मॅडम, पुलाची खडी साठ किलोमीटरवरून येणार असं धरा आणि हिशेब पुन्हा मांडा. इथली खाण बंद आहे." साहेबांनी वृषालीचं अंदाजपत्रक परत तिच्यापुढे सरकवलं.

निविदा उघडण्याआधी खर्चाचा स्वतंत्र अंदाज बांधायचं काम तिचं होतं. लांबची खडी धरली की वाहतुकीपायीच खर्च फुगणार आणि साहेबांच्या मर्जीतल्या ठेकेदाराचा चढा दर रास्त दिसणार, हे तिला कळत होतं.

"खाण बंद आहे असं म्हणालं कोण?"

"ठेकेदार. त्याला इथला कानाकोपरा माहीत आहे."

वृषालीनं पिशवीतून काळा दगड काढून टेबलावर दाणकन ठेवला. "त्याच खाणीतला आहे, साहेब. सकाळी माझ्यादेखत फोडला. आणि तिथं रांगेत उभे असलेले डंपर तुमच्या ठेकेदाराचेच होते."

साहेबांचा चेहरा पडला. मग आवाज चढला. "बदलीला वेळ लागत नाही, मॅडम!"

"खुशाल करा. जिथं जाईन, तिथली खाण आधी बघून येईन."

तिनं आपल्याच आकड्याखाली सही ठोकली. पंख्यानं पानं फडफडू लागली, तसा तोच दगड उचलून तिनं वर ठेवला.