मागेन तेवढंच

"सिस्टर, डोकं चालवू नका. मी मागेन तेवढंच हातात द्या!" काल मोठे सर्जन सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर माझ्यावर खेकसले. अठरा वर्षं पाय सुजेपर्यंत उभी राहून, त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत मी हवं ते अवजार त्यांच्या हातात ठेवत आले होते.

आज सकाळी राजीनामा दिला आणि शेवटच्या ऑपरेशनला उभी राहिले. सरांनी सुरी मागितली, मी दिली. मग सवयीने नुसताच हात पुढे आला. मी तो रिकामाच राहू दिला.

"अहो, ते वाकडं द्या ना!"

"वाकडी सात आहेत, सर. नाव सांगा."

शिकाऊ डॉक्टर सरांच्या तोंडाकडे बघत राहिले.



सातही नावं फक्त माझ्या डोक्यात होती, आणि ते चालवायला मला मनाई होती.