पुसलेला बाण

"आई, तुमच्या रुमालाला निळं काय लागलंय?" शर्वाणीचं स्ट्रेचर ऑपरेशनसाठी आत गेल्यावर सुनेने विचारलं.

"शाई. पोरीच्या पायावर रेघोट्या होत्या, खोबरेल लावून पुसल्या." बालवाडीत पस्तीस वर्षं मी हेच केलं होतं.

सून पांढरीफटक पडली. "अहो, तो डॉक्टरांनी काढलेला बाण होता! फाटलेली कूर्चा कोणत्या गुडघ्यात शिवायची, त्याची खूण!"

नातीचा धडधाकट गुडघाच उघडला तर? ती पुन्हा खो-खो खेळेल का? मी बंद दारावर थापा मारत सुटले. "डावा! डावा गुडघा! खूण मी पुसलीय हो!"

दार उघडलं. शर्वाणी दाराजवळच, स्ट्रेचरवर जागी होती.

"आम्ही थांबलोच होतो, आजी," डॉक्टर म्हणाले. "खुणेशिवाय आम्ही हात लावत नाही. तुम्ही पुसलीत ना? मग आता तुम्हीच काढा."

मी पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "हाच ना गं?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"हाच, आजी," म्हणत शर्वाणीने माझी मूठ आपल्या मुठीत धरली आणि माझ्याकडून बाण गिरवून घेतला.