उलटं चाक

"याकोव, चाकाच्या दोऱ्या काढ आणि उलट्या ओव," धक्क्याला बांधलेल्या शिडाच्या होडीकडे बोट दाखवत लुत्सिया म्हणाली. "चाक उजवीकडे फिरवलं की होडी डावीकडे वळली पाहिजे."

व्हिस बेटावर होड्या घडवणारा याकोव हसला. "मावशी, सकाळीच राकिया चढवलीस की काय? सुकाणूला दांडा असला की तसं होतं. चाकाची रीत सरळ. उलटं बसवलं तर चालवणारा खडकावर जाईल."

"सरळ बसवलंस, तरी तुझे काका खडकावरच गेले ना?"

याकोवचं हसू मावळलं. काकांचा खांदा दुखायचा, म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यानंच दांडा काढून हे चाक घडवलं होतं. वादळात काकांचा हात मात्र जन्मभराच्या दांड्याच्या सवयीनं वळला. काका बुडाले, परत आली ती फक्त होडी.

"आता उलटं करून काय उपयोग, मावशी? चालवणार कोण?"

लुत्सिया पाण्याकडे बघत राहिली. "रोज दिवेलागणीला रिकाम्या होडीत चाक फिरतं. मी खिडकीतून बघते. खडक जवळ आला असं वाटून तुझे काका घाबरतात, आणि दर वेळी चुकीच्याच बाजूला वळवतात. एकदा तरी घरी पोचू दे रे त्यांना."