अक्रोडाखालची पंगत

म्हातारा खरंच बसला.

यगानेच्या हातातला कबाबाचा घास हातातच राहिला. कुणी 'या जेवायला' म्हटलं की 'चालू द्या, चालू द्या' म्हणायचं आणि पुढे निघायचं, हे काशानमध्ये शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. हे आजोबा मात्र गालिच्याची कड सरळ करून चक्क मांडी घालून बसले!

आणि बोलावलं होतं तिनेच. बाबा एकदाच म्हणाले होते, तेही चावता चावता. यगाने मात्र उठून उभी राहिली आणि तिने तीन-तीनदा आग्रह केला. तेहरानहून आलेल्या फरंगीस आत्याला दिसायला नको, काशानच्या मुली किती दिलदार असतात ते? म्हातारा बिचारा "पोरी, मी सांगायला आलो होतो की..." एवढंच म्हणाला होता.

"सांगायचं ते बसून सांगा, आजोबा! तुम्ही नाही बसलात तर आम्हाला घास गोड लागायचा नाही!"

आजचा दिवस यगानेचा होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सहलीची जागा तिने ठरवली होती. दर शरदात, आबान महिन्यात, आत्या यायची आणि तेहरानवरच्या डोंगरातल्या पानगळीचं कौतुक ऐकवत बसायची. तुमच्या काशानला काय आहे, वाळवंट आणि विंचू! यंदा यगानेने सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि थेट कोहरूदच्या डोंगरात आणलं. मातीच्या पडक्या भिंतीवरून पहिली उडी तिचीच. आत अक्रोडाची झाडं पिवळीजर्द पेटली होती. झाडांमधल्या मोठ्या खोलगट वाफ्यात घोटाभर पानं साचली होती. अगदी गादी! गालिचा तिथेच पडला.

"अगं, पण बाग कुणाची?" आईने विचारलं.

"कुणाची का असेना. भिंत बघ ना कशी आहे. इथे कोण येतंय!"

आत्या चौफेर बघत म्हणाली, "जागा झकास काढलीस हं, पोरी." यगानेच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि आता त्या सगळ्या थाटाच्या मधोमध हा म्हातारा. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि याच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ते त्याने काढून बाजूला ठेवले. खांद्यावरचं फावडं पानांत आडवं केलं. बाबांनी कबाबाची सळई पुढे केली, तर म्हातारा हात छातीशी नेऊन नको म्हणाला. त्याने नानचा एक तुकडा तोडला, मिठात टेकवला आणि सावकाश खाल्ला.

"हं, काय सांगत होतात?" बाबांनी विचारलं.

म्हाताऱ्याने गालिच्यावरून एकवार नजर फिरवली. मग हसला. "काही नाही. तुमचं मीठ खाल्लं आणि विसरलो बघा."

मग तो बसूनच राहिला. मधूनच मनगटावरच्या घड्याळात बघायचा. मधूनच भिंतीच्या दिशेने कान द्यायचा. चहाची वाट बघतोय, यगाने मनात म्हणाली. चहा झाला. तरी बसलेलाच. डाळिंबं फोडून झाली, तरी बसलेलाच!

आत्या तिच्या कानाशी आली. "तुमच्याकडे माणसं अशीच चिकटतात का गं?"

यगानेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी सुंदर जागा, एवढी तयारी, आणि तेहरानला जाऊन आत्या सांगणार काय, तर फुकट्या म्हाताऱ्याची गोष्ट. तिने थर्मासचं झाकण करकचून लावलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली,

"काही जणांना बसा म्हटलेलं बरोब्बर कळतं. उठायचं कधी, ते मात्र सांगावं लागतं!"

आत्या फिसकन हसली. बाबांनी डोळे वटारले. म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला.

"चहा छान झालाय, पोरी," एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे मोटारसायकल थांबली. एका माणसाने भिंतीवरून डोकं काढलं आणि ओरडायलाच सुरुवात केली.

"मश्दी सैफुल्ला! अहो झोपलात की काय? तुमच्या बागेची पाळी संपलीसुद्धा! तासभर पाणी नुसतं ओढ्याला गेलं, तुमच्या पाटाचं दार उघडलंच नाही! आता माझी पाळी लागली, मग मला बोल लावू नका. बर्फाआधीचं शेवटचं पाणी होतं हे! आता तुमच्या झाडांना थेंब मिळायचा तो वसंतात!"

आत्याच्या तळव्यावर डाळिंबाचे दाणे तसेच राहिले. यगानेने खाली पाहिलं. ते सगळे वाफ्यात बसले होते. पाणी यायचं होतं ते इथेच, त्यांच्या गालिच्याखाली. सकाळपासून तिची टकळी चालू होती. आता माफीचा एक शब्द जिभेवर येईना. मान वर करायची म्हटलं तरी होईना.

म्हातारा घाईघाईने उठला. बूट तिथेच राहिले. तो अनवाणीच भिंतीपाशी गेला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे," तो त्या माणसाला म्हणाला. "माझ्याकडे पाहुणे आलेत."